खिशातला चाकू आणि डावा हात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या शेतकरी घरांत कापायच्या हत्यारांची वाण नसते. स्वयंपाकघरात विळी असते, उसाच्या फडात कोयता असतो, भुईमुगात खुरपे आणि पानाच्या डब्यात अडकित्ता असतो. मात्र बांधावर खताच्या पोत्याचे तोंड उघडायचे असते, एसटीत पेरू चिरायचा असतो किंवा गाडीच्या कॅरिअरला बांधलेली सुतळी सुटत नसते, तेव्हा यांपैकी काहीच जवळ नसते, आणि अशा वेळी खिशातला मिटणारा लहान चाकू कामाला येतो. आमच्याकडे मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा, दोघेही त्याला चाकूच म्हणतात. बाजारात भाव करताना बाकी शब्द इकडचे तिकडचे होतात, हा एक होत नाही.

असा चाकू कसा निवडावा, धरावा, कोणत्या कामाला वापरावा आणि कसा जपावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. सगळ्यांत महत्त्वाचे मात्र आधीच सांगतो. चाकूने होणाऱ्या जखमांपैकी बहुतेक डाव्या हाताला होतात, कारण लक्ष पात्यावर असते आणि वस्तू धरणाऱ्या हाताकडे कोणी पाहत नाही. आजोबांनी माझ्या हातात पहिल्यांदा चाकू दिला तेव्हा पेरू कसा चिरायचा हे सांगितलेच नाही. ते एवढेच म्हणाले, "डावा हात कुठं हाय ते बघ आदी." या लेखात प्रत्येक कामाबरोबर डाव्या हाताची जागा दिली आहे ती त्यामुळेच. डावखुऱ्या वाचकांनी उजवे-डावे उलट करून वाचावे.

निवड

रोजच्या कामाला पाते ३ ते साडेतीन इंचांचे पुरते. त्याहून लांब पाते खिशात मावत नाही, आणि बारीक कामात त्याचे टोक हाताच्या ताब्यात राहत नाही. मूठ एवढी असावी की चारही बोटे तिच्यावर बसतील. चार बोटांपैकी करंगळी बाहेर राहत असेल तर तो चाकू पेन्सिल तासायलाच ठीक.

दुकानात चाकू उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवावे. रिव्हेटपाशी, म्हणजे पाते ज्या खिळ्यावर फिरते तिथे, ते लटलटत असेल तर घेऊ नये. मिटल्यावर पाते मुठीच्या खाचेत मधोमध बसते का, ते पाहावे. एका बाजूला घासत असेल तर धार रोज थोडी थोडी मरते. उघडताना आणि मिटताना स्प्रिंगचा 'खट्' असा स्पष्ट ठोका जाणवला पाहिजे. हा ठोका म्हणजे चाकूच्या तब्येतीची नाडी, असे मी समजतो.

पाते साध्या पोलादाचे की स्टेनलेसचे, यावर आमच्या कट्ट्यावर वाद होतात. साधे पोलाद लवकर धार घेते, पण आंबा, लिंबू, चिंच कापताच काळे पडते आणि ओले राहिले की गंजते. स्टेनलेसमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमिअम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होऊन गंज अडवतो, मात्र धार लावायला जरा जास्त घासावे लागते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे ज्यांचा पावसाळा चार महिने ओल्या कपड्यांत जातो त्यांनी स्टेनलेस घ्यावे. गोकाक, रायबागच्या कोरड्या हवेत साधे पोलाद सुखाने नांदते. परदेशी जुन्या घडणीतही दोन्ही प्रकार आहेत. फ्रान्सच्या सव्हॉय भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी सुरू केलेला लाकडी मुठीचा चाकू आजही साध्या पोलादात आणि स्टेनलेसमध्ये मिळतो, आणि १९५५ पासून त्याला पाते अडकवणारी फिरती कडी असते. आपल्या बाजारातल्या साध्या स्प्रिंगच्या चाकूला अशी कडी बहुधा नसते, आणि पुढची सगळी काळजी त्यामुळेच घ्यावी लागते.

बटण दाबताच सटकन उघडणारा चाकू घेऊ नये. कामाला तो काही जास्त उपयोगी नाही, आणि कोणी हटकले तर उत्तर द्यायला अवघड.

उघडणे, मिटणे, देणे

पात्याच्या पाठीजवळ नख अडकवायची एक खाच असते. मूठ डाव्या हाताच्या बोटांत अशी धरावी की पाते बाहेर येण्याच्या वाटेवर एकही बोट नसेल. उजव्या अंगठ्याचे नख खाचेत घालून पाते अर्धे उघडावे, मग पात्याच्या दोन्ही सपाट बाजू चिमटीत धरून ते 'खट्' होईपर्यंत उघडावे. मिटताना हेच उलट करावे आणि शेवटच्या टप्प्यावर पात्याच्या पाठीला उजव्या तळहाताने दाबावे. मांडीवर दाबून चाकू मिटवण्याची अनेकांना सवय असते. ती मोडावी, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते.

स्प्रिंगच्या चाकूचे शास्त्र एका वाक्यात मावते. धारेकडून येणारा दाब पाते आणखी उघडतो, आणि पाठीकडून येणारा दाब ते मिटवतो. टोक खुपसणे, अडकलेले पाते वरखाली हलवून काढणे, डब्याचे झाकण उचकटणे, या तिन्ही कामांत पाठीवर दाब येतो. कॉलेजात असताना मी युरियाच्या पोत्यात टोक खुपसले, पाते विणीत अडकले, मी मूठ खाली दाबली आणि पाते माझ्या तर्जनीवर मिटले. पोते अर्धवट उघडलेलेच राहिले आणि पांढऱ्या दाण्यांवर रक्ताचे थेंब पडले. तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर तो आडवा वण अजून आहे.

दुसऱ्याला चाकू द्यायचा असेल तर मिटूनच द्यावा. उघडा द्यावा लागला तर खाली ठेवावा आणि समोरच्याने उचलावा. आमच्या घरी चाकू हातात दिला तर भांडण होते म्हणायचे. भांडणाचे ठाऊक नाही, पण खाली ठेवलेल्या चाकूने कोणाचा हात कापलेला मी पाहिला नाही.

तीन पकडी

पहिली पकड मुठीची. चारही बोटे आणि अंगठा मुठीवर, धार अंगापासून बाहेर. दोरी, फांदी, पुठ्ठा यांसारख्या जोराच्या कामांना हीच वापरावी. डावा हात नेहमी पात्याच्या मागे, म्हणजे आपल्या अंगाच्या बाजूला ठेवावा. पाते निसटले तर ते ज्या दिशेने जाईल तिथे हात, गुडघा किंवा शेजारी बसलेले पोर नसावे.

दुसरी पकड सोलण्याची. फळ डाव्या हातात, चाकू उजव्या हाताच्या चार बोटांत, आणि उजवा अंगठा फळाला टेकलेला. पाते अंगठ्याकडे येते, म्हणून अंगठा धारेच्या रेषेच्या खाली फळावर टेकवावा आणि मनगट न हलवता बोटे आवळत पाते सरकवावे. एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त सरकवू नये.

तिसरी पकड लोकांना माहीत नसते, आणि मला तीच सगळ्यांत आवडते. उजव्या हातातला चाकू फांदीवर टेकवायचा, डावा अंगठा पात्याच्या पाठीवर मुठीजवळ ठेवायचा आणि त्याच अंगठ्याने पाते पुढे ढकलायचे. उजवा हात फक्त दिशा देतो. धार लाकडात रुतलेली असल्यामुळे पाते मिटत नाही, आणि ढकल इतकी आखूड असते की निसटले तरी बोटभरच जाते. पेन्सिल तासणे, कडुनिंबाचे दातवण सोलणे, खुंटीला टोक काढणे, सगळे याच पकडीने करावे.

रोजची कामे

पोते. खताचे किंवा तांदळाचे पोते मध्येच फाडू नये. बारदान पुन्हा उपयोगी पडते. पोत्याच्या तोंडाची यंत्रावरची शिवण साखळीची असते. एका बाजूला ती सरळ टाक्यांची दिसते, दुसऱ्या बाजूला साखळीसारखी. शेवटाकडचा लोंबता दोरा चाकूने कापावा, पहिले दोन टाके टोकाने उसवावेत आणि दोरा ओढावा. बरोबर टोक धरले तर सगळी शिवण सर्रकन सुटते. नाही सुटली तर दुसऱ्या टोकाने करून पाहावे.

दोरी आणि सुतळी. दोरी जमिनीवर ठेवून वरून दाबत बसू नये. दोरीचा वळसा करून पात्याची धार आतून लावावी आणि अंगापासून दूर ओढावी. ताणलेली दोरी एका ओढीत तुटते. नायलॉनच्या दोरीचे टोक कापल्यावर आगपेटीच्या काडीवर वितळवले नाही तर ते उलगडत जाते. गाठ सुटण्यासारखी असेल तर आधी सोडवून पाहावी. दोरीचेही पैसे पडलेले असतात.

ठिबकच्या नळ्या. १६ मिमीची नळी तिरकी कापली गेली की जोडात पाणी गळते. नळी पाटीवर ठेवून पाते तिच्यावर काटकोनात टेकवावे आणि नळी गोल फिरवत कापावी. कड सरळ येते.

वायर सोलणे. आधी मेन स्विच किंवा एमसीबी बंद करावा, मग टेस्टरने तपासावे. पाते वायरवर जवळजवळ आडवे ठेवून वरचे आवरण पेन्सिलीसारखे तासावे. गोल कापत गेल्यास आतल्या तांब्याच्या तारांना खाच पडते आणि पुढे त्या तिथेच तुटतात.

फळे. पेरू आणि काकडीला काही शिकावे लागत नाही. आंब्याचा चीक मात्र देठाशी असतो. देठ कापून आंबा उलटा धरून चीक गळू द्यावा आणि मगच चिरावा. खानापूरकडच्या फणसाला आधी पात्याला आणि दोन्ही हातांना खोबरेल तेल चोळावे. बाहेरची साल कोयत्याने फोडावी, चाकूने नव्हे. चाकूचे काम आतल्या मधल्या दांड्यापासून गरे सुटे करण्याचे. चीक पात्याला लागलाच तर पाण्याने जात नाही. तेलाच्या बोळ्याने पुसावा. काजूची बोंडे चाकूने कापून मीठ लावून खावीत, पण कच्ची बी कधीही चाकूने फोडू नये. तिच्या टरफलातले तेल कातडी भाजते, आणि ते पात्याला लागले तर पुढच्या फळाबरोबर तोंडात जाते.

बटाट्याचे बेणे. बेळगाव तालुक्यात बटाटा आणि रताळे दोन्ही मोठ्या प्रमाणावर होतात, आणि दोन्हींच्या लागवडीत चाकूला काम असते. बेणे कापायचेच असेल तर प्रत्येक तुकड्यावर किमान दोन डोळे आणि साधारण ४० ग्रॅम वजन राहील असे कापावे. कापण्याआधी बटाटा पालथा-उताणा करून डोळे कुठे आहेत ते पाहावे आणि पाते डोळ्यांच्या मधून न्यावे. आतून तपकिरी कडे दिसणारा किंवा दाबल्यावर पांढरट द्रव सुटणारा बटाटा फेकून द्यावा, आणि पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्याशिवाय दुसऱ्या बटाट्याला लावू नये. या रोगाचे जिवाणू चाकूवरून एका बेण्यावरून दुसऱ्या बेण्यावर जातात. पावसाळी लागवडीत कापलेले बेणे ओलीत कुजते, म्हणून त्या हंगामात लहान अख्खे बटाटेच लावणे चांगले. रताळ्याच्या वेलाचे काम सोपे आहे. शेंड्याकडचा वीतभर तुकडा, त्यावर तीन-चार पेरे, आणि खालचा काप पेराच्या लगेच खाली. वेल डाव्या हातात झुलत ठेवून कापू नये; फळीवर टेकवून कापावा.

काजूचे पाचर कलम. खिशातल्या चाकूची खरी परीक्षा इथे होते. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून खोडात मधोमध ४ ते ५ सेंमी खोल उभी चीर द्यायची आणि तेवढ्याच जाडीच्या कलमकाडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून तेवढ्याच लांबीची पाचर करायची. पाचरीच्या बाजू अगदी सपाट असाव्या लागतात. जरा लाट आली की मध्ये पोकळी राहते आणि कलम वाळते. नवखा माणूस काडी स्थिर धरून चाकू चालवतो आणि पाते लाकडात डोलत जाते. जुने कलमी लोक उलट करतात. चाकू धरलेला उजवा हात छातीशी घट्ट, पाते स्थिर, धार बाहेरच्या बाजूला, आणि डाव्या हाताने काडी पात्याखालून अंगाकडे मागे ओढायची. हालतो तो डावा हात, आणि तो धारेपासून दूर जात असतो, म्हणून तो कापत नाही. एका ओढीत एक बाजू. काप झाल्यावर त्याला बोट लावू नये. पाचर चिरेत बसवून निदान एका बाजूची साल सालीला जुळवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळावी.

घरातली कामे सगळ्यांना माहीत असतातच: पार्सलचा खोका, पाकीट, दुधाची पिशवी, औषधाची पट्टी. खोक्यावरची चिकटपट्टी कापताना टोक पाव इंचाहून आत जाऊ देऊ नये, एवढेच लक्षात ठेवावे. आतली साडी चिरल्यावर घरी जे ऐकावे लागते ते लिहीत नाही.

काही कामे चाकूची नव्हेत. सुपारी अडकित्त्याने फोडावी, स्क्रू पेचकसाने काढावा, पायातला काटा गरम पाण्यात धुतलेल्या सुईने काढावा, आणि नारळाच्या डोळ्यात पाते घालून फिरवू नये.

कापल्यास

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, हात छातीच्या वर ठेवावा आणि घड्याळ लावून १० मिनिटे कापड उचलून पाहू नये. आमच्याकडे जखमेत हळद भरण्याची रीत आहे. ती टाळावी, कारण टाके घालायचे झाले तर डॉक्टरांना आधी ती काढावी लागते. बोट वाकत नसेल, टोक बधिर झाले असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर लगेच दवाखाना गाठावा. शेतात झालेली मळकट जखम असेल आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन ५ वर्षे झाली असतील, तर ते पुन्हा घ्यावे लागते.

बाहेर नेताना

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठीच बनवलेली त्यांतून वगळली आहेत. तीन इंचांचा फळे कापायचा चाकू त्या मापात येत नाही. तरीही निवडणूक, मोर्चा किंवा बंदोबस्ताच्या दिवशी तो घरी ठेवावा. सीमाभागात असे दिवस कमी नसतात. सांब्र्याहून विमानाने जाताना चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या सामानात टाकावा.

धार आणि देखभाल

बोथट चाकू जास्त कापतो, म्हणजे आपल्याला. त्याला जोर लावावा लागतो, आणि जोराने निसटलेले पाते थांबवता येत नाही.

दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू भरड आणि एक बारीक. तो पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. पात्याचा कोन सुमारे २० अंश हवा. तो मोजायला कागदाचा चौकोनी कोपरा पुरतो: कोपरा मधोमध दुमडला की ४५ अंश, आणखी एकदा दुमडला की साडेबावीस. ही घडी दगडाशेजारी उभी ठेवून पाते तिच्याशी जुळवावे आणि तोच कोन हाताला लक्षात ठेवायला सांगावा. पाते मुठीपासून टोकापर्यंत, जणू दगडाची पातळ साल काढायची आहे अशा बेताने ओढावे. एकाच बाजूने दहा-पंधरा ओढी झाल्या की दुसऱ्या बाजूला पाठीकडून धारेकडे बोट हलके फिरवावे. धारेवर बारीक खरखर लागेल. ही वळलेली कड संपूर्ण लांबीवर लागली म्हणजे ती बाजू झाली. मग दुसरी बाजू, मग बारीक दगडावर दोन्ही बाजू हलक्या हाताने. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते पाठीकडे ओढत वीस वेळा पुसावे, म्हणजे उरलेली खरखर जाते. धार तपासायला अंगठा फिरवू नये. टोमॅटोच्या सालीवर पाते नुसते ठेवून ओढावे. साल दबल्याविना कापली तर झाले. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली कड तात्पुरती चालते.

वापरानंतर पाते पुसावे, आणि आंबट काही कापले असेल तर धुऊन लगेच कोरडे करावे. बिजागरीत माती, कापसाचे धागे, फळाचा रस साचतो. चाकू अर्धा उघडून कोमट पाण्यात हलवावा, दातकोरणीने कचरा काढावा आणि उन्हात वाळवावा. मग रिव्हेटपाशी तेलाचा एक थेंब. हे तेल खोबरेल नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, आणि खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठू लागते. डिसेंबरच्या सकाळी चाकू मिटता मिटत नाही. बिजागरीला शिवणयंत्राचे तेल घालावे आणि पात्याला, त्याने खाण्याच्या वस्तू कापायच्या असल्याने, खोबरेलाचा पुसट हात फिरवावा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पात्यावर तांबडे ठिपके येतात. आलेच तर तेलात बुडवलेल्या बारीक पॉलिश कागदाने लांबीच्या दिशेने घासावेत.

आमच्या घरी ही सगळी साफसफाई खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी होते. अंगणात वर्तमानपत्र पसरून कोयता, खुरपी, विळी, नट-बोल्टचे पाने आणि माझा चाकू ओळीने मांडतात. रिव्हेट ढिला झालेला असेल तर त्याच दिवशी लोहाराकडे नेऊन हलक्या हातोडीने ठोकून घ्यावा. जास्त ठोकला तर पाते उघडतच नाही, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर उघडून पाहायला सांगावे. नवमीला पूजेत तो मिटलेलाच ठेवावा.